वैमानिकाची विश्रांती आणि कामगाराचा संप

वैमानिकांच्या मागण्यांना पाठिंबा देण्यासाठी नगरच्या माळीवाडा बसस्थानकासमोर सभा घ्यावी असे कोणी सुचविले, तर आपल्यातील बहुसंख्य कार्यकर्ते त्याच्याकडे आश्चर्याने पाहतील. ऊसतोडणी मजूर, विडी कामगार, एस. टी.चे चालक-वाहक, नागापूर औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार यांचे प्रश्न डोक्यावर असताना, महिन्याला लाखांत पगार घेणाऱ्या मंडळींची चिंता आपण कशासाठी वाहावी, असा त्यांचा सवाल असेल. हा सवाल गैर नाही. आमच्याही मनात तो अनेक वर्षे होता. परंतु २०२५ च्या अखेरीस अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने दोन घटना घडल्या आणि त्या एकत्र ठेवून पाहिल्यावर आमचे मत बदलले. ते का बदलले हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिली घटना २१ नोव्हेंबर २०२५ ची. त्या दिवशी केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता अमलात आणल्या. १९२६ चा कामगार संघटना कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हे तिन्ही कायदे जाऊन त्यांच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. दुसरी घटना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातील. देशांतर्गत विमानप्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी ज्या एका कंपनीच्या विमानांतून जातात, त्या इंडिगोची उड्डाणे हजारोंच्या संख्येने रद्द झाली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी रद्द झालेल्या उड्डाणांची संख्या हजारावर गेली. विमानतळांवर माणसे रात्र-रात्र जमिनीवर बसून राहिली. कोणाचे लग्न चुकले, कोणाची परीक्षा, कोणाचे अंत्यदर्शन.

वर्तमानपत्रांनी या दिवसांचे वर्णन करताना अराजक, कोलमडणे, बोजवारा असे सारे शब्द वापरले. एक शब्द मात्र कोणी वापरला नाही, कारण तो वापरणे शक्यच नव्हते. तो शब्द म्हणजे संप. कोणत्याही वैमानिकाने संप केलेला नव्हता. नोटीस नव्हती, घोषणा नव्हत्या, सामुदायिक रजा नव्हती. वैमानिक कामावर हजर होते. विमाने मात्र जमिनीवर होती.

हे का घडले, ते नीट समजून घेतले पाहिजे. रात्री-अपरात्री विमान चालविणाऱ्या माणसाला थकवा येतो, आणि थकलेल्या माणसाच्या हाती दीडशे-दोनशे जीव सोपविणे धोक्याचे आहे, ही गोष्ट वैमानिकांच्या संघटना वर्षानुवर्षे सांगत होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूरच्या विमानतळावर एक वैमानिक पुण्याच्या उड्डाणासाठी निघाला असता विमानात चढण्यापूर्वीच कोसळला आणि मरण पावला. त्याच्या मृत्यूचे कारण ठरविणे हे वैद्यकाचे काम आहे, आमचे नव्हे. पण त्या घटनेने वैमानिकांच्या कामाच्या तासांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला, एवढे खरे. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. मध्यरात्रीपासून पहाटे ५ पर्यंतचा काळ रात्र समजला जात असे, तो ६ पर्यंत वाढविला. रात्रपाळीत एका वैमानिकाने सहा वेळा विमान उतरविले तरी चालत होते, ती मर्यादा दोनवर आणली. यात राजेशाही थाटाचे काय आहे? माणसाला झोप मिळावी, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु कंपन्यांनी कुरकुर केली आणि नियम लांबणीवर पडले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यानंतर कोठे २०२५ मध्ये, १ जुलै आणि १ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. म्हणजे नियम जाहीर झाल्यापासून पूर्ण अंमलबजावणीपर्यंत कंपन्यांना जवळपास दोन वर्षे मिळाली. या काळात पुरेसे वैमानिक नेमणे, हाताशी राखीव मनुष्यबळ ठेवणे आणि वेळापत्रक आटोपशीर करणे हे सर्वांत मोठ्या कंपनीचे काम होते. ते झाले नाही. नियम आला, माणसे कमी पडली आणि विमाने थांबली.

आणि सरकारने काय केले? तिकिटांच्या दरांवर मर्यादा घातली, चौकशी नेमली, कंपनीच्या वेळापत्रकात दहा टक्के कपात केली. हे सारे योग्यच होते. पण सर्वांत तातडीने जे केले ते असे, की ५ डिसेंबरला महासंचालनालयाने साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये हे कलम मागे घेतले आणि रात्रीच्या कामाच्या नियमांतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. चूक व्यवस्थापनाची, आणि गेली ती वैमानिकाची झोप. प्रवासी रखडले हे दाखवून प्रवाशाच्याच सुरक्षिततेचा नियम ढिला करण्यात आला.

आता याच्या शेजारी २०१२ चे चित्र ठेवावे. मे २०१२ मध्ये एअर इंडियातील इंडियन पायलट्स गिल्ड या संघटनेच्या वैमानिकांनी काम थांबविले. प्रारंभी ती आजारपणाची रजा होती. दिल्ली उच्च न्यायालयाने संपास मनाई केली, व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढून घेतली, तिच्या कार्यालयांना टाळे ठोकले आणि शंभरावर वैमानिकांना नोकरीवरून काढले. ५८ दिवसांनी, जुलैच्या आरंभी, न्यायालयापुढे आश्वासन देऊन तो संप मिटला. त्याआधी एक वर्ष, २०११ च्या एप्रिल-मे महिन्यांत, इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने दहा दिवस संप केला, तेव्हाही मान्यता काढणे, निलंबन आणि न्यायालयाच्या अवमानाची कारवाई हाच क्रम होता. त्या वेळी प्रत्येक अग्रलेखात एक वाक्य हमखास असे: वैमानिकांनी जनतेला वेठीस धरले आहे.

वेठ हा शब्द आपल्या भाषेत कोठून आला ते खेड्यातील म्हाताऱ्या माणसास विचारावे. वेठ म्हणजे सरकारी अंमलदाराचे किंवा गावच्या धन्याचे ओझे मोबदल्याविना डोक्यावरून वाहणे. वेठीस धरणारा नेहमी वरचा असे आणि धरला जाणारा खालचा. आज हा शब्द उलटा करून, काम नाकारणाऱ्या माणसाच्या अंगावर फेकला जातो. आणि डिसेंबर २०२५ मध्ये ज्यांनी खरोखरच लाखो प्रवाशांना वेठीस धरले, त्यांच्या बाबतीत तो सुचलासुद्धा नाही. संपाच्या वेळी तत्काळ धावून येणारे अत्यावश्यक सेवांचे कायदेही व्यवस्थापनाविरुद्ध कोणी काढले नाहीत. काढता आलेही नसते. कारण ते कायदे सेवा चालू ठेवण्यासाठी आहेत असे म्हटले, तरी त्यांचा रोख काम करणाऱ्यावर असतो. १९६८ च्या सप्टेंबरात केंद्रीय कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा संप झाला, तेव्हा असा कायदा आला. १९८१ मध्ये पुन्हा आला. महाराष्ट्रात तो ‘मेस्मा’ म्हणून ओळखला जातो. मालकाने सेवा बंद पाडली तर त्याला लागू होईल असा ‘मेस्मा’ अद्याप कोणी लिहिलेला नाही.

‘मेस्मा’चे नाव निघाले की नगर जिल्ह्यातील वाचकाला २०२१ ची दिवाळी आठवल्याशिवाय राहणार नाही. एस. टी. आणि नगर यांचे नाते जुने आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर मार्गावर. त्याच मार्गावर बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी पहिली गाडी धावली. या दोन तारखांमध्ये एस. टी.च्या इतिहासातील सर्वांत दीर्घ संप येऊन गेला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस आगारे बंद पडू लागली. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे ही मुख्य मागणी होती. पण तिच्या मुळाशी वेळेवर न होणारा पगार, कर्जाचे हप्ते आणि रजेशिवाय होणारी ओढाताण होती. त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातील एका आगारात एका चालकाने गाडीलाच गळफास लावून जीवन संपविले. औद्योगिक न्यायालयाने संप बेकायदा ठरविला, हजारो कामगार निलंबित आणि बडतर्फ झाले, ‘मेस्मा’ची भाषा झाली. मध्ये पगारवाढ जाहीर झाली, विलीनीकरण नाकारले गेले, आणि अखेर एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर येण्याची मुदत दिली तेव्हा गाड्या पूर्ववत सुरू झाल्या.

त्या सहा महिन्यांत अकोले, पाथर्डी, जामखेड या तालुक्यांतील आडगावांनी काय सोसले, ते आम्ही विसरलेलो नाही. कोरोनानंतर शाळा-महाविद्यालये नुकती उघडत होती आणि मुलींचे पास खिशातच राहिले. रुग्णाला जिल्हा रुग्णालयात न्यायचे तर जीपवाला सांगेल ते भाडे. संपाने प्रवाशाला त्रास होत नाही असे म्हणणे हा कामगार चळवळीतील जुना खोटेपणा आहे, तो आपण सोडला पाहिजे. त्रास होतो, आणि तो आधी गरिबाला होतो. पण आपण हेही विचारले पाहिजे, की ऑक्टोबरपूर्वीची अनेक वर्षे, जेव्हा चालक दुहेरी कामगिरी करून डोळे ताणत गाडी हाकत होता, तेव्हा प्रवाशाच्या जिवाची काळजी कोणाला होती? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली, आठवड्याची सुटी दिली. हा कायदा साठ वर्षांचा झाला तरी रस्त्यावर कोठे दिसला?

नगर-मनमाड रस्त्यावर गळीत हंगामात रात्री कोणी प्रवास केला असेल त्याला आम्ही काय म्हणतो ते कळेल. उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, पुढे चालकाच्या डोळ्यावर दोन रात्रींची झोप. कारखान्याच्या गेटवर नंबर लागेपर्यंत त्याने स्टिअरिंगवर मान टाकून जेवढी डुलकी काढली असेल तेवढीच त्याची विश्रांती. त्याच रस्त्याने शिर्डीला जाणाऱ्या खासगी गाड्या धावतात, त्यांचा चालक रात्री पुण्या-मुंबईहून निघालेला असतो. आणि त्या साऱ्यांच्या डोक्यावरून, कोपरगाव तालुक्यातील काकडीच्या माळावरच्या विमानतळाकडे विमान उतरत असते. शेतकऱ्यांच्या जमिनीवर उभा राहिलेला हा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, आणि २०२५ पासून तेथे रात्रीही विमाने उतरू लागली. भाविकांची सोय झाली, चांगले झाले. पण पहाटेच्या काकड आरतीला पोचणारा भाविक ज्याच्या हाती आपला जीव देऊन येतो, त्या माणसाने त्या रात्री कितवे विमान उतरविले, हा प्रश्न त्यामुळे आपल्या जिल्ह्याचा झाला. ट्रॅक्टर, एस. टी. आणि विमान यांच्या चालकांच्या पगारांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. झोपेच्या बाबतीत तिघेही एकाच जातीचे आहेत.

वैमानिकाच्या पगाराकडे बोट दाखवून त्याला कामगारांच्या पंक्तीतून उठविणे हे मालकांच्या सोयीचे आहे. कॅप्टन हा पर्यवेक्षक आहे, म्हणून तो कामगार नव्हे, हा त्यांचा न्यायालयातील जुना युक्तिवाद. पण ज्याला स्वतःच्या कामाचे तास ठरविता येत नाहीत, जो आपली रजा स्वतः घेऊ शकत नाही आणि ज्याला नोकरी सोडण्याचीही मोकळीक नाही, तो कितीही पगार घेवो, त्याला मालक कसे म्हणायचे? नोकरी सोडायची तर सामान्य पगारदार एक-दोन महिन्यांची सूचना देतो. वैमानिकांसाठी २००५ मध्ये ही मुदत सहा महिने झाली, आणि २०१७ मध्ये कॅप्टनसाठी एक वर्ष. प्रशिक्षणाच्या खर्चापोटी लिहून दिलेले करारनामे वेगळेच. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, हे तो दर हंगामात अनुभवतो. आकडे वेगळे आहेत. गाठ मारण्याची रीत तीच आहे.

पगाराचीही गोष्ट वरवर दिसते तशी नाही. २०१२ मध्ये किंगफिशरच्या कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन् महिने थकले आणि ऑक्टोबरात ती कंपनी जमिनीवर आली. २०१९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी थकलेल्या पगारासाठी १ एप्रिलपासून उड्डाण न करण्याचा इशारा दिला. पण कंपनी जगावी म्हणून त्यांनी तो दोनदा पुढे ढकलला. १७ एप्रिलला कंपनी बंदच पडली आणि हजारो संसार उघड्यावर आले. संपामुळे उद्योग बुडतात असे सांगणाऱ्यांनी या दोन कंपन्या कोणत्या संपाने बुडाल्या ते सांगावे. २०२४ मध्ये विस्ताराच्या वैमानिकांपुढे नवा वेतनकरार आला. त्यात हमीच्या उड्डाणांचे तास महिन्याला ७० वरून ४० वर आणले होते. म्हणजे निश्चित उत्पन्न कमी आणि अधिक मिळवायचे तर अधिक उडायचे. नागापूरच्या कारखान्यात याला ‘पीस रेट’ म्हणतात.

आता आम्ही २१ नोव्हेंबरच्या घटनेकडे वळतो, कारण या अग्रलेखाचे खरे प्रयोजन तेथे आहे. १९४७ च्या केंद्रीय कायद्यात संपापूर्वी नोटीस देण्याची आणि समेटाची बोलणी चालू असताना संप न करण्याची सक्ती मुख्यतः सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती होती. रेल्वे आणि हवाई वाहतूक त्यांत अग्रभागी होती. या सेवा बंद पडल्या तर समाजाचे जीवन थांबते, म्हणून तेथे काही बंधन असावे, हे तत्त्व कामगार चळवळीनेही एका मर्यादेत मानले होते. महाराष्ट्रात १९७१ च्या राज्य कायद्याने चौदा दिवसांची नोटीस इतरांनाही लागू केली, हे आपल्या संघटकांना ठाऊक आहे. नव्या संहितेने ही वेसण देशभर प्रत्येक औद्योगिक आस्थापनेतील कामगाराच्या नाकात घातली. चौदा दिवसांची नोटीस सर्वांना. समेटाची बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संपाला बंदी. लवादापुढे वाद असताना आणि नंतर साठ दिवस बंदी. नोटीस दिली की समेट अधिकारी बैठक बोलावणार, आणि पहिली बैठक झाली की समेट सुरू झाला असे समजले जाणार. म्हणजे नोटीस हीच संपबंदीची सुरुवात. तरीही काम थांबविले तर कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

याहून बोलके कलम संपाच्या व्याख्येतील आहे. एखाद्या उद्योगातील निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली, तर तोही संपच. सामुदायिक रजेचे हत्यार अलीकडच्या काळात सर्वांत ठळकपणे कोणी वापरले? विमान कर्मचाऱ्यांनी. सप्टेंबर २००९ मध्ये संघटना काढल्याबद्दल दोन सहकाऱ्यांना काढले म्हणून जेट एअरवेजचे वैमानिक एकदम आजारी पडले आणि पाच दिवसांत व्यवस्थापनाला तडजोड करावी लागली. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी तसेच केले. पंचवीस जणांना बडतर्फ केले होते, त्यांना परत घ्यावे लागले. ती वाट अडविण्याकडे कायद्याचा कल दिसतो, आणि अडविली आहे ती केवळ विमानतळावर नव्हे, तर नागापूर, सुपे, श्रीरामपूर येथील प्रत्येक कारखान्याच्या दारात. वैमानिकाच्या संपावर घातलेले बंधन श्रीमंतांच्या भांडणातले आहे असे समजून आपण गप्प बसलो. ते बंधन आता आपल्याच घरात आले आहे.

येथे वैमानिकांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. त्यांच्या चळवळीचा इतिहास निष्कलंक नाही. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले, पण कामगारांचे झाले नाही. २०११ मध्ये एका संघटनेने समान वेतन मागितले तेव्हा दुसरी स्वस्थ राहिली. २०१२ मध्ये दुसरीने नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण पहिल्या गटाच्या वैमानिकांना देऊ नये म्हणून संप केला, तेव्हा पहिली विमाने चालवीत राहिली. एका कामगाराची बढती रोखण्यासाठी दुसऱ्याने संप करावा यास आम्ही कामगार लढा म्हणणार नाही. या दुहीचा लाभ कोणाला झाला? २०२२ च्या जानेवारीत संपूर्ण कंपनी खासगी मालकाच्या हवाली झाली, तेव्हा दोन्ही संघटनांचे भांडण निरर्थक ठरले. विमानाखाली सामान चढविणारा, शौचालय धुणारा, विमानतळावर झाडू मारणारा माणूस बहुधा ठेकेदाराचा असतो. त्याच्या किमान वेतनासाठी वैमानिकांच्या संघटना क्वचितच रस्त्यावर आल्या.

एकट्या कसबी कामगारांचा लढा किती सहज मोडतो, हे जगाने पाहिले आहे. अमेरिकेतील हवाई वाहतूक नियंत्रकांच्या संघटनेने १९८० च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांना पाठिंबा दिला होता. ३ ऑगस्ट १९८१ रोजी सुमारे तेरा हजार नियंत्रक संपावर गेले. दोन दिवसांत रेगन यांनी अकरा हजारांवर लोकांना बडतर्फ केले. त्या वेळी वैमानिकांच्या संघटनेने विमाने चालूच ठेवली. हा घाव त्या देशातील सगळ्या कामगार चळवळीला बसला आणि त्यातून ती पुढे दीर्घकाळ सावरली नाही. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात वैमानिकांनी मोठी पगारवाढ मागितली, तेव्हा मजूर पक्षाचे पंतप्रधान बॉब हॉक यांनी हवाई दलाची विमाने प्रवासी वाहतुकीला लावली आणि संघटना मोडून काढली. स्वतः कामगार चळवळीतून आलेल्या नेत्याच्या हातून हे घडले, याची नोंद समाजवाद्यांनी विशेष करून ठेवली पाहिजे. आपल्याकडेही १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप वीस दिवसांत दडपला गेला. तो लढविणारे जॉर्ज फर्नांडिस एकाकी नव्हते. तरी एवढी संघटित शक्तीही शासनाने चिरडली.

संप मोडण्याचीही किंमत असते, हे सरकारांना क्वचित आठवते. १९९२ च्या डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले, तेव्हा सरकारने उझबेकिस्तानची विमाने वैमानिकांसह भाड्याने आणली. ९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीच्या धुक्यात त्यांतील एक विमान उतरताना उलटले आणि जळाले. सुदैवाने सारे प्रवासी वाचले. नागरी विमान वाहतूक मंत्री माधवराव सिंदिया यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. डिसेंबर २०२५ नंतर तशी जबाबदारी घेऊन कोणी पुढे आल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

तेव्हा आपली भूमिका काय असावी? वैमानिकांच्या प्रत्येक पगारवाढीचे आपण वकील नाही. त्यांची मागणी जेव्हा कामाचे तास, विश्रांती आणि प्रवाशाची सुरक्षितता यांविषयी असेल, तेव्हा ती निःसंदिग्धपणे आपली मागणी आहे. त्यांच्या संपावर जेव्हा बंदी येईल, तेव्हा ती आपल्यावरची बंदी आहे, असे समजून आपण विरोध केला पाहिजे. त्यांनीही आपल्याकडून पगाराचा हिशेब नव्हे, तर नातेसंबंधाचा हिशेब करून घ्यावा: ठेकेदारी कामगाराच्या लढ्यात ते उभे राहतील का, एवढेच आम्ही त्यांना विचारू.

आणि त्याहून निकडीचे काम आपल्या जिल्ह्यात आहे. अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धनांच्या या नगरमध्ये, ज्या किल्ल्यात आचार्य नरेंद्र देवांनी १९४२ नंतरचा बंदिवास काढला त्याच्या सावलीत, आपण संपाच्या हक्काविषयी निवेदने पुष्कळ दिली. प्रवाशांशी मात्र आपण बोललो नाही. २०२१ च्या संपाचे सर्वांत मोठे अपयश विलीनीकरण मिळाले नाही हे नव्हते. सहा महिने चाललेल्या लढ्यात चालक आणि प्रवासी यांची एकही संयुक्त समिती आपण तालुक्याच्या ठिकाणी उभी करू शकलो नाही, हे होते. म्हणून प्रवाशाचा राग चालकावर निघाला आणि व्यवस्थापन सुटले. ही चूक आमची आहे, या पक्षाची आहे, ती कबूल केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक आगाराच्या गावी प्रवासी आणि कर्मचारी यांची एक समिती असावी. चालकाने आठवड्यात किती तास गाडी चालविली, साप्ताहिक सुटी मिळाली की नाही, भाडेतत्त्वावरील गाड्यांवर ठेकेदाराने नेमलेल्या चालकाला आठ तासांचा नियम लागू होतो की नाही, याची नोंद या समितीने ठेवावी आणि ती दर महिन्याला स्थानकाच्या भिंतीवर लावावी. गळीत हंगामात तेच काम साखर कारखान्यांच्या गेटवर ट्रॅक्टरचालकांसाठी करावे. ज्या प्रवाशाने चालकाच्या झोपेचा हिशेब भिंतीवर वाचला आहे, तो उद्या संप झाला तर गैरसोय सोसूनही कोणाला दोष द्यायचा ते जाणेल. नव्या संहितेखाली कायदेशीर संप जवळजवळ अशक्य झाला असताना कामगाराला उरलेला आधार हा लोकमताचा आहे, आणि लोकमत संपाच्या दिवशी तयार होत नाही.

१ जून हा एस. टी.चा वर्धापन दिन. त्या दिवशी आगारात फुलांच्या माळा लागतात, पेढे वाटले जातात. येत्या १ जूनला जिल्हा समितीने माळीवाडा स्थानकासमोर चालक आणि प्रवासी यांची एकत्र सभा घ्यावी, आणि तिच्या ठरावात एस. टी.च्या चालकाबरोबर, उसाच्या ट्रॅक्टरच्या चालकाबरोबर, काकडीच्या धावपट्टीवर रात्री उतरणाऱ्या वैमानिकाच्या विश्रांतीचाही उल्लेख असावा. काही जण हसतील. त्यांना डिसेंबर २०२५ मधील ती गोष्ट सांगावी, की विमाने थांबली होती, संप कोणी केला नव्हता, आणि तरी शिक्षा काम करणाऱ्याच्या झोपेला झाली होती.